डीबी-एक की डीबी-दोन? एका पहाटेचा घटनाक्रम

१ फेब्रुवारी २०१७, बुधवार. वसंत पंचमी होती आणि केंद्रीय अर्थसंकल्पाचा दिवसही. फेब्रुवारीच्या एक तारखेला अर्थसंकल्प मांडायची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली आणि रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प त्याच वर्षी मोडीत निघाला. त्यामुळे सकाळी अकरापासून टीव्हीवर अरुण जेटलींशिवाय दुसरं काही दिसणं शक्य नव्हतं. त्या गडबडीत एक बातमी आपल्याकडे संगणकवाल्यांपलीकडे फारशी गेली नाही. भारतीय घड्याळात पहाटे ४ वाजून ५७ मिनिटांनी गिटलॅब डॉट कॉम या साइटचा मुख्य डेटाबेस तिच्याच एका इंजिनिअरच्या हातून पुसला गेला होता. सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबी शिल्लक होता.

गिटलॅब म्हणजे प्रोग्रामर लोक आपला कोड ठेवतात ती जागा. जगभरातल्या असंख्य साइटच्या फायली तिथूनच आपापल्या सर्व्हरवर जातात. फायलींचा इतिहास जपणं, चुकलं तर मागे फिरता येणं, हाच जिचा धंदा, तिलाच त्या दिवशी मागे फिरायला वाट सापडत नव्हती.

याचा आपल्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध असा की आता आपल्याकडेही साइट आहेत. कुणी दाभोसा धबधबा आणि भूपतगड दाखवून मुक्कामाची खोली देतं, कुणी वारली चित्रं विकतं, कुणी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एकत्र आणतं. अशी साइट सांभाळणारा बहुतेक वेळा एकटाच असतो: कुणाचा तरी पुतण्या, नाशिकला नाहीतर ठाण्याला शिकलेला, दिवसा दुसरी नोकरी करणारा. साइटवर काही बदलायचं झालं की तो फाइलझिला उघडतो, लॅपटॉपवरची फाइल ओढून सर्व्हरवर टाकतो. सर्व्हरवरची जुनी फाइल गेली ती गेलीच. लॅपटॉपवर मात्र 'इंडेक्स-नवीन', 'इंडेक्स-फायनल', 'इंडेक्स-खरंच-फायनल' अशी रांग लागलेली असते. तोच त्या साइटचा इतिहास.

२०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या तालुक्यांच्या पत्त्यातलं 'जि. ठाणे' एका दिवसात जुनं झालं. असा बदल चाळीस फायलींत हाताने करायचा म्हटलं की दोन-तीन फायली राहून जाणारच, आणि त्या राहिल्याचं वर्ष-दीड वर्षाने कुणीतरी बाहेरचा माणूस सांगणार. गिट नावाच्या प्रणालीत ही एक नोंद होते: चाळीस फायली बदलल्या, कुणी, कधी, कशासाठी. चुकून 'ठाणे खाडी'ची 'पालघर खाडी' झाली असेल तर तेही लगेच नजरेस पडतं.

गिट ही लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेली प्रणाली. तलाठ्याकडची फेरफाराची वही ज्याने पाहिली आहे त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नोंदीला क्रमांक पडतो, तारीख पडते, कारण लिहिलं जातं. गिट तेच करतं. नोंदीला तिथे कमिट म्हणतात आणि क्रमांकाऐवजी चाळीस अक्षर-अंकांची खूण पडते. मोठा फरक एकच. तलाठ्याकडे वही एकच असायची; गिटमध्ये ज्याने ज्याने क्लोन केलं, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घेतली, त्या प्रत्येकाकडे पहिल्या पानापासून अख्खी वही असते. आणि घाटातल्या लोकांच्या कामाची गोष्ट म्हणजे कमिट करायला नेट लागत नाही. खोडाळ्याच्या वाटेवर रेंज गेली तरी लॅपटॉपवर नोंदी होत राहतात. रेंज आली की पुश करायचं, म्हणजे त्या नोंदी वर पाठवायच्या.

पुश गिटलॅबवर पोहोचला की तिथून साइटच्या सर्व्हरला एक सूचना जाते, तिला वेबहुक म्हणतात. सर्व्हर गिट पुल करतो, नव्या फायली उतरवून घेतो, साइट बदलते. बिघडलं तर आधीच्या कमिटवर परत. हे इतकं सुरळीत चालतं की सहा महिन्यांत माणूस निर्धास्त होतो आणि 'माझं सगळं गिटमध्ये आहे' असं सांगू लागतो. त्या वाक्यातला 'सगळं' हा शब्द किती खरा आहे, ते गिटलॅबच्या त्या पंचवीस तासांत दिसतं.

वेळा सगळ्या भारतीय आहेत. गिटलॅबने स्वतःच्या अहवालात जागतिक प्रमाणवेळ दिली आहे, तिच्यात साडेपाच तास मिळवले.

३१ जानेवारी, रात्री १०:५०. सहा तास बाकी.

गिटलॅबचा एक इंजिनिअर स्टेजिंगवर प्रयोगाला बसला. स्टेजिंग म्हणजे खऱ्या साइटची चाचणीसाठी ठेवलेली नक्कल. डेटाबेसवरचा भार अनेक यंत्रांवर वाटता येतो का, हे पीजीपूल नावाच्या सॉफ्टवेअरने त्याला पाहायचं होतं. चाचणी खरी व्हायची तर माहिती ताजी हवी. खऱ्या डेटाबेसची प्रत स्टेजिंगवर रोज एकदा आपोआप जात असे, आपल्या वेळेने सकाळी साडेसहाला. त्याने तोवर वाट पाहिली नाही. हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतला आणि स्टेजिंगवर चढवला.

ही काही बॅकअपची प्रत नव्हती. कुणी काळजीपोटी घेतलेलीही नव्हती. एका प्रयोगाला लागली म्हणून काढलेली, प्रयोग झाल्यावर कुणाच्या लक्षातही राहिली नसती अशी.

मध्यरात्रीच्या आसपास. पाच तास बाकी.

डेटाबेसवरचा भार चढू लागला. पहिला संशय स्पॅमवाल्यांवर गेला आणि तो खोटा नव्हता. काही लोक स्निपेट, म्हणजे कोडचे छोटे तुकडे, ढिगाने तयार करून डेटाबेस बेजार करत होते. एका महाभागाने तर आपली रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार, फायली वाटपाचं केंद्र म्हणून वापरायला काढली होती; त्या एकाच खात्यावर ४७,००० वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून लॉगिन होत होतं. पत्ते अडवले, खाती काढली.

भाराचं आणखी एक कारण नंतरच्या चौकशीत सापडलं. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कुणीतरी गैरवापराची तक्रार केली होती आणि ते खातं चुकून काढून टाकण्याच्या रांगेत लागलं होतं. साइटवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या खात्यामागे किती नोंदी असतात! त्या सगळ्या पुसायचं काम पडद्यामागे इमानेइतबारे चालू होतं आणि डेटाबेसला धाप लागत होती.

१ फेब्रुवारी, पहाटे २:३०. अडीच तास बाकी.

डेटाबेसमध्ये नवीन काही लिहिणंच अडकलं. साइट अधूनमधून बंद पडू लागली. प्रतिक्रिया टाकायला गेलेल्यांना ती टाकता येईना. इथवरचं सगळं चालत्या साइटच्या आयुष्यात होतच असतं. त्या आठवड्यात असे झटके आधीही येऊन गेले होते, फक्त इतके जोराचे नव्हते.

पहाटे ३:३०. दीड तास बाकी.

डेटाबेसची दोन यंत्रं होती, डीबी-एक आणि डीबी-दोन. एक मुख्य, त्यात जे लिहिलं जाईल ते दोनने मागोमाग उतरवून घ्यायचं, म्हणजे एक पडलंच तर दोन उभं राहील. भार इतका वाढला की दोन मागे पडलं. सुमारे ४ जीबीची पिछाडी झाली. दोनला ज्या नोंदी अजून उतरवून घ्यायच्या होत्या त्या एकने तोवर जागा करण्यासाठी फेकूनही दिल्या होत्या, आणि त्या कुठे वेगळ्या जपून ठेवायची सोय गिटलॅबने केलेली नव्हती. उतरवणं थांबलं. आता एकच मार्ग होता: डीबी-दोनवरचं जुनं सगळं पुसायचं आणि एकवरून पूर्ण प्रत नव्याने आणायची.

इंजिनिअरच्या गावी तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आता मी आवरतो, असं त्याने त्याआधी सहकाऱ्यांना कळवलंही होतं. तेवढ्यात हे उपटलं, म्हणून तो थांबला. कंपनीला एक असं ऑफिस नव्हतं, माणसं देशोदेशी आपापल्या घरून काम करत. शेजारच्या खुर्चीवरून स्क्रीनकडे नुसती नजर टाकणारं कुणी असणं शक्यच नव्हतं. या गोष्टीत तेवढं एक माणूस असतं तर, असं मला राहून राहून वाटतं.

पहाटे ४:३०. अर्धा तास बाकी.

डीबी-दोनवरची डेटा डिरेक्टरी पुसली. ही पहिली पुसणी बरोबर यंत्रावर झाली. मग प्रत आणणारी आज्ञा दिली, पीजी-बेसबॅकअप. काहीच झालं नाही. बडबड कर, काय चाललंय ते सांग, असा पर्याय देऊनही ती आज्ञा मुकी बसून राहिली.

दोन-चार प्रयत्नांनंतर तक्रार आली की एकला जोडून घ्यायला जोडण्या पुरेशा नाहीत. मर्यादा ३ होती, ती ३२ केली. ती लागू करायला डेटाबेस पुन्हा सुरू करावा लागतो. तो सुरूच होईना. म्हणे सेमाफोर फार झाले. शोधताना दिसलं की एकाच वेळी किती जणांना आत घ्यायचं त्याचा आकडा ८००० ठेवलेला आहे. हा आकडा अवाच्या सवा होता, पण जवळजवळ वर्षभर तसाच होता आणि काही बिघडलं नव्हतं. तो २००० केला. डेटाबेस उठला. पुन्हा बेसबॅकअप. पुन्हा मौन, या वेळी तक्रारही नाही.

पहाटेच्या गोंधळात माणूस कसा घसरतो ते इथे जवळून दिसतं. प्रत्येक पायरी शहाणपणाची होती. प्रत्येक पायरीने एक अडचण सुटत होती आणि तिच्याखालून दुसरी वर येत होती. आणि शेवटची अडचण तर अडचणच नव्हती. मुख्य यंत्र माहिती पाठवायला सुरुवात करेपर्यंत बेसबॅकअप गप्प बसून वाट पाहतं, तो त्याचा स्वभावच आहे. हे माहीत असलेला एक सहकारी होता, पण तो तेव्हा हजर नव्हता. गिटलॅबच्या कामाच्या टिपणांत ते लिहिलेलं नव्हतं, सॉफ्टवेअरच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट नव्हतं. आणखी थोडा वेळ काहीही न करता बसून राहिला असता तर काम आपोआप सुरू झालं असतं.

पहाटे ४:५७.

त्याला शंका आली की डीबी-दोनवर डेटा डिरेक्टरी रिकामी का होईना, पण अस्तित्वात आहे म्हणून बेसबॅकअप अडतंय. ती पूर्ण काढून टाकू, असं त्याने ठरवलं. आरएम, मग आडवी रेघ, आर, एफ: आतल्या सगळ्यासकट, न विचारता काढ. एंटर.

टर्मिनलच्या काळ्या खिडक्या सगळ्या सारख्याच दिसतात. यंत्राचं नाव ओळीच्या सुरुवातीला बारीक अक्षरांत असतं आणि या दोन नावांत फरक होता तो एका आकड्याचा. एक-दोन सेकंदांत तो त्याच्या लक्षात आला. आज्ञा डीबी-एकवर चालली होती. त्याने ती तोडली.

एक-दोन सेकंदांत २९५ जीबी कसा गेला, असं वाटेल. फायलीतला मजकूर पुसायला वेळ लागतो. फाइल कुठे आहे ती नोंद काढायला लागत नाही. आरएम नोंदच काढतं.

डीबी-दोन अर्ध्या तासापूर्वी जाणूनबुजून रिकामा केला होता. डीबी-एक आता गेला. साइट बंद केली, ट्विटरवर कळवलं. आज आपण सूडो, म्हणजे यंत्रावरचे सर्वाधिकार, लावून काहीही चालवू नये हेच बरं, असं त्या इंजिनिअरने स्वतःच सांगितलं आणि पुढचं काम दुसऱ्याच्या हाती दिलं. गिटलॅबच्या लेखी हिशोबात तो 'टीम-मेंबर-१' आहे, नाव नाही. ते मला योग्य वाटतं.

पहाटे ५ नंतर.

बॅकअप शोधायला सुरुवात झाली. माझ्या मते खरी दुर्घटना ती हीच. ४:५७ ला फक्त ती उघडकीला यायची वेळ झाली.

रोजचा नेमाचा बॅकअप पीजी-डंपने घेऊन ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत जायचा. तिथल्या बादलीत, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, पाहिलं तर काहीच नाही. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा. बॅकअप घेणारं यंत्र वेगळं होतं. त्यावर डेटाबेस नसल्यामुळे कोणती आवृत्ती वापरायची हे त्याला ठरवता येईना, म्हणून ते मुकाट्याने ९.२ वापरायचं. ९.२ चं डंप ९.६ च्या डेटाबेसला पाहून चूक दाखवायचं आणि बंद पडायचं. दररोज.

चूक झाली की ईमेल यावी अशी सोय होती. ईमेल निघतही होत्या. पण त्यांच्यावर डीमार्कच्या, म्हणजे ईमेल खरी की खोटी हे तपासण्याच्या, नियमाप्रमाणे सही नव्हती, म्हणून ज्यांच्याकडे जायच्या त्यांच्या मेल सर्व्हरने त्या नाकारल्या. बॅकअप बंद पडला तर धोक्याची घंटा होती, घंटा बंद पडली तर कुणाला कळणार याची सोय नव्हती. घंटा वाजत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होतो, आणि तसाच तो लावला गेला.

दुसरा आधार अझ्युरच्या डिस्क-स्नॅपशॉटचा. गिटलॅब तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरवर चालत होती. हे स्नॅपशॉट फायलींच्या सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नव्हते. कारण? बाकीचे बॅकअप आहेतच की. तिसरा आधार डीबी-दोन, त्याचं काय झालं ते वर आलंच. बॅकअप आणि नकलीचे मिळून पाच मार्ग होते आणि त्यांतला एकही भरवशाने चालत नाही, काही तर मुळात लावलेलेच नाहीत, अशी कबुली गिटलॅबने त्याच दिवशी जाहीरपणे लिहून दिली.

उरली ती रात्री १०:५० ला प्रयोगासाठी घेतलेली प्रत. तो प्रयोग करायचं कुणाच्या मनात आलं नसतं तर हातात सापडली असती आदल्या सकाळी साडेसहाची प्रत, म्हणजे बावीस तासांपूर्वीची. ती सहा तासांपूर्वीची सापडली. याला नशीब म्हणतात. व्यवस्था म्हणत नाहीत.

सकाळ, दुपार, संध्याकाळ.

या तासांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण काम होतं नुसतं वाट पाहण्याचं. स्टेजिंगची यंत्रं स्वस्तातली होती, डिस्क मंद. माहिती सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास सरकत होती. ती वाढवायला काही उपाय नव्हता. इकडे जेटलींचं भाषण सुरू झालं, संपलं, त्यावर चर्चा झाल्या, प्रत अजून सरकतच होती. आपल्याकडचा कामाचा अख्खा दिवस त्यात गेला. अमेरिका झोपेत असताना बंद राहिलेल्या साइटची झळ पूर्वेकडच्यांना जास्त लागते, ती अशी.

गिटलॅबने मात्र एक धाडस केलं. काय चाललंय याची टिपणं सगळ्यांना वाचता येतील अशा कागदावर उघडी ठेवली आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. एका वेळी सुमारे पाच हजार लोक ते पाहत होते. प्रत सरकण्याची टक्केवारी पाहायला पाच हजार लोक! पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी आपापले बॅकअप उघडून पाहिले असणार, असा माझा अंदाज आहे.

प्रत सरकत असताना आणखी एक घोर होता: वेबहुक. स्टेजिंगवर प्रत गेली की तिथल्या प्रक्रियेत वेबहुक काढून टाकले जात, आणि ते बरोबरही होतं; नाहीतर चाचणीच्या यंत्राने उठून लोकांच्या खऱ्या सर्व्हरना सूचना धाडल्या असत्या. पण आता तीच प्रत खरी होणार होती. वेबहुक गेले असते तर साइट सुरू झाल्यावरही लोकांचे पुश गिटलॅबपर्यंत आले असते आणि तिथेच थांबले असते. त्यांच्या स्वतःच्या साइट जुन्याच राहिल्या असत्या, कुठे काही चूक न दाखवता.

रात्री १०:३० ते ११:३०.

साडेदहाच्या सुमाराला डेटाबेस उभा राहिला, वेबहुकशिवाय. पुढच्या तासाभरात वेबहुकही परत बसवले. जुन्या-नव्या नोंदींची गल्लत होऊ नये म्हणून सगळ्या क्रमांकांत एक लाखाची उडी मारली, म्हणजे हरवलेल्या सहा तासांत कुणाला मिळालेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला मिळायला नको. साडेअकराच्या आसपास गिटलॅब डॉट कॉम लोकांसाठी उघडली. पडून साडेअठरा तास झाले होते.

कायमचं गेलं ते रात्री १०:५० ते पहाटे ५:३० च्या दरम्यान लिहिलेलं. सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार प्रतिक्रिया, सातशेच्या घरात नवीन खाती.

आणि कोड? लोकांच्या गिट रिपॉझिटरी? त्यांना धक्काही लागला नाही. त्या फायलींच्या सर्व्हरवर होत्या, डेटाबेसमध्ये नव्हत्या. साइट बंद असताना त्या मिळत नव्हत्या एवढंच. आणि समजा त्याही गेल्या असत्या, तरी प्रत्येक प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर अख्खी वही होतीच. ज्यांनी आपल्या सर्व्हरवर एक बेअर रिपॉझिटरी, म्हणजे नुसती वही, ठेवून पोस्ट-रिसीव्ह हुकने, म्हणजे पुश येताच आपोआप चालणाऱ्या आज्ञेने, थेट फायली उतरवायची सोय केली होती, त्यांना त्या दिवशी गिटलॅबची गरजही नव्हती. ते आपल्या लॅपटॉपवरून सरळ सर्व्हरवर पुश करू शकत होते. गिटने आपलं वचन पाळलं. पडला तो डेटाबेस, जो गिटमध्ये नव्हता आणि असायचाही नसतो.

हा फरक छोट्या साइटवाल्याला फार महागात पडू शकतो. मुक्कामाच्या साइटचा रंग, मांडणी, दाभोसाकडे जायचा नकाशा गिटमध्ये असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुणी खोली धरली आहे, ते डेटाबेसमध्ये असतं. साइट वर्डप्रेसवर असेल तर तुम्ही लिहिलेला प्रत्येक लेख डेटाबेसमध्ये असतो, आणि पाहुण्यांनी किंवा चित्रकारांनी चढवलेले फोटो 'अपलोड्स'च्या फोल्डरमध्ये, जे गिटने दुर्लक्षावं असं आपणच त्याला सांगून ठेवलेलं असतं. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलही गिटबाहेरच हवी. म्हणजे फायली सर्व्हरवर नेण्याचा रस्ता जितका चोख, तितकं गिटबाहेर राहिलेल्या गोष्टींकडे दुर्लक्ष व्हायला सोपं. जाता जाता एक सूचना: सर्व्हरवर गिट पुल करत असाल तर डॉट-गिट हे लपलेलं फोल्डर बाहेरच्या जगाला उघडं नाही ना, ते ब्राउझरमध्ये पत्ता टाकून पाहा. ते उघडं असलं तर तुमची अख्खी वही, जुन्या चुकांसकट, कुणीही उतरवून नेऊ शकतो.

गिटलॅबने नंतर सविस्तर अहवाल छापला आणि सुधारणांची यादी केली. त्यातली एक बाब अगदी साधी आहे. टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला दिसणारी पाटी बदलायची, म्हणजे हे यंत्र खरं की चाचणीचं, एक की दोन, हे एका नजरेत कळेल. ही सुधारणा करायला एक ओळ पुरते आणि तुमच्या सर्व्हरवर ती आज संध्याकाळीही करता येईल. बाकीच्या सुधारणा मोठ्या होत्या: बॅकअप झाला की नाही हे पाहणारी वेगळी देखरेख, आणि घेतलेला बॅकअप प्रत्यक्ष परत भरून पाहणं. पुढे २०१८ च्या ११ ऑगस्टला गिटलॅबने अझ्युर सोडलं आणि सारा पसारा गूगल क्लाउडवर नेला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनी नॅसडॅकवर नोंदली गेली. त्या पहाटेमुळे ती बुडाली नाही.

मोठ्या कंपनीकडे चूक पचवायला माणसं असतात, पैसा असतो, पाच हजार प्रेक्षकही असतात. जव्हारच्या पुतण्याकडे यांतलं काही नसतं. त्याच्या साइटचा डेटाबेस गेला तर हंगामातली आरक्षणं गेली आणि काकांचा विश्वासही. म्हणून त्याला, आणि त्याच्यासारखी साइट सांभाळणाऱ्या सगळ्यांना, एवढीच विनंती. होस्टिंगवाल्याच्या पानावर 'बॅकअप: चालू' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नका. येत्या रविवारी ती बॅकअपची फाइल उतरवून घ्या, घरच्या लॅपटॉपवर रिकामा डेटाबेस तयार करा, त्यात ती भरा आणि शेवटचं आरक्षण दिसतंय का ते पाहा. दिसलं नाही, तर सोमवारची वाट न पाहता होस्टिंगवाल्याला फोन लावा.